ऑइल प्रेशरचा काटा वरच अडकलाय? पंप खोलण्याआधी या चुका टाळा

लाल दिवा लागला की माणूस घाबरतो. काटा वर गेला की मात्र खूश होतो. ‘प्रेशर भरपूर, इंजिन ठणठणीत.’ पहिली चूक हीच. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या चोंदल्या की पंपाजवळचं मीटर चढतं, झाडाला मात्र पाणी मिळत नाही. इंजिनातही तसंच. काटा ऑइलचा दाब दाखवतो, बेअरिंगपर्यंत किती ऑइल पोचलं ते नाही.

थंड इंजिनावरचं रीडिंग धरू नका. धुळ्यात जानेवारीच्या सकाळी स्टार्टर मारल्याबरोबर काटा ६०-७० पीएसआयवर गेला तर त्यात आजार काही नाही, थंड ऑइल दाटच असतं. वीसेक मिनिटं गाडी चालवा, मग बघा. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा जुना ठोकताळा. खरा आकडा मॅन्युअलमधला.

‘भुसावळचा उन्हाळा आहे, जाड ऑइल टाका भाऊ’ हा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो आणि महागात पडतो. ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल सांगितलेल्या इंजिनात जाड २०डब्ल्यू-५० ओतलं की काटा चढणारच. ग्रेडमधला दुसरा आकडा ऑइल १०० अंशांना किती दाट राहतं ते सांगतो, आणि बाहेर ४५ अंश असो की १०, थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी ९० च्या आसपासच ठेवतो, म्हणून नुसत्या बाहेरच्या उन्हासाठी ग्रेड बदलायचं कारण नाही. मॅन्युअलने उन्हाळ्यासाठी वेगळा ग्रेड दिला असेल तर जरूर टाका. उलट, काटा खाली आणायला मुद्दाम पातळ ऑइल भरणं हाही उपाय नव्हे.

सगळ्यात खर्चिक चूक म्हणजे काट्यावर विश्वास ठेवून थेट ऑइल पंप उतरवणं. आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करा. पंप फिरतच नाही, म्हणजे काटा शून्यावर हवा. तो वर असेल तर दोष मीटर, वायर किंवा सेंडरचा (इंजिनावर बसवलेला, दाब मोजून मीटरला कळवणारा भाग), आणि इंजिनाला हात लावायची गरज नाही. सेंडरची वायर तुटली की काही मीटरचे काटे टोकाला जातात, काहींचे ती बॉडीला टेकली की जातात. म्हणून वायर काढून एकदा मोकळी, एकदा अर्थला (म्हणजे बॉडीला) लावून काटा दोन्हीकडे हलतो का बघा. (नव्या गाड्यांत सेन्सर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) जोडलेला असतो, तिथे हा प्रयोग नको, स्कॅनर लावा.) एक वायरचा सेंडर स्वतःच्या आट्यांतूनच अर्थ घेतो. त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढे मारले की रीडिंग बिघडतं, आणि हे गॅरेजवाले सहसा विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

तरीही शंका असेल तर सेंडर काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज (वायरशिवाय थेट ऑइलचा दाब दाखवणारं मीटर) लावायला सांगा. काम अर्ध्या-पाऊण तासाचं. गेजही गरम इंजिनावर मॅन्युअलपेक्षा बरंच जास्त दाखवत असेल तर दोष खरा: बहुतेक वेळा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारी झडप) गाळाने बंद अवस्थेत अडकलेला, किंवा गेजच्या पुढच्या ऑइल गॅलरीत (इंजिनातल्या ऑइलच्या वाटेत) चोंदलेलं काहीतरी. व्हॉल्व्ह साफ करताना त्याची स्प्रिंग मूळचीच आहे का तेही पाहा; कडक स्प्रिंग घालून ‘प्रेशर वाढवून’ दिलेली इंजिनं असतात.

ऑइल फिल्टरचा डबा फुगलाय किंवा त्याच्या रबरी रिंगमधून ऑइल उडतंय असं दिसलं तर कन्नड घाट चढायचा विचार सोडा. तिथेच इंजिन बंद करून गाडी टो करून न्या. रिंग फाटली की चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) पाहता पाहता रिकामा होतो.