तालुक्याची फुटबॉल साखळी कशी उभारावी: फेरो बेटांचे उदाहरण

सांगली जिल्ह्याला फुटबॉल नवा नाही. मिरजेत या खेळाची जुनी परंपरा आहे आणि शेजारच्या कोल्हापुरात तर तालमी-तालमींचे संघ आहेत. विटा, तासगाव, आटपाडी या भागात मात्र फुटबॉल म्हणजे बहुतेक वेळा दोन-चार दिवसांची चषक स्पर्धा असते, ती बाद पद्धतीने होते आणि पहिल्याच सामन्यात हरलेला संघ गाडीभाडे खर्चून त्याच दुपारी गावी परततो. अशा संघातल्या सोळा वर्षांच्या मुलाला वर्षभरात मोजकेच सामने मिळतात, आणि तेवढ्यावर कोणाचाही खेळ सुधारत नाही. तालुक्यात साखळी स्पर्धा सुरू करण्याचा विचार असेल, तर मोठ्या देशांपेक्षा फेरो बेटांचा अभ्यास अधिक उपयोगी पडेल, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर अटलांटिक महासागरातील ही अठरा बेटे डेन्मार्कच्या राज्यातील स्वायत्त प्रदेश आहेत. 2011 मध्ये तेथील लोकसंख्या सुमारे 48 हजार होती, म्हणजे त्याच वर्षीच्या जनगणनेतील एकट्या विटा शहराएवढी. तेथील सर्वांत जुना क्लब 1892 मध्ये निघाला आणि साखळी 1942 मध्ये सुरू झाली. महायुद्धाच्या काळात चेंडूच मिळेनात म्हणून 1944 ची स्पर्धा होऊ शकली नाही, तरी खंड पडला तो तेवढाच. स्वतंत्र फुटबॉल संघटना मात्र 1979 मध्ये स्थापन झाली, तिला फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाचे सदस्यत्व 1988 मध्ये आणि युएफा या युरोपीय महासंघाचे 1990 मध्ये मिळाले. हा क्रम संयोजकांनी नीट लक्षात घ्यावा: आधी गावोगावचे क्लब, मग त्यांच्यातील नियमित सामने, आणि त्यानंतर संघटना. कार्यकारिणी, लेटरहेड आणि उद्घाटन यांतच पहिले वर्ष घालवू नये.

पहिल्या वर्षी सहाच संघ घ्यावेत. फेरोच्या वरिष्ठ साखळीत दहा संघ एकमेकांशी तीन-तीन वेळा खेळतात आणि प्रत्येकाला 27 सामने मिळतात; आपल्याला सुरुवातीला एवढे झेपणार नाही, पण सहा संघांची दुहेरी साखळी केली, म्हणजे प्रत्येक संघ बाकीच्यांशी दोनदा खेळला, तरी प्रत्येकाचे दहा सामने होतात. गावात पुरेसे खेळाडू नसतील, तर शेजारच्या गावाशी मिळून एक संघ करावा. गोटा आणि लेरविक या दोन गावांच्या क्लबांनी 2008 मध्ये एकत्र येऊन व्हिकिंगुर हा क्लब केला, आणि त्याच क्लबाने 2016 व 2017 मध्ये विजेतेपद मिळवले. गावाच्या नावाचा अभिमान आपल्याकडे मोठा असतो, त्यामुळे अशा संघाचे नाव, जर्सीचा रंग आणि मैदानाची पाळी या गोष्टी बैठकीतच लेखी ठरवून घ्याव्यात.

सामन्यांचा क्रम लावण्याची पद्धत सोपी आहे. संघांना एक ते सहा क्रमांक द्यावेत आणि वरच्या ओळीत 1, 2, 3, तर त्यांच्या खाली 6, 5, 4 असे लिहावे; वरखाली येणाऱ्या जोड्या पहिल्या रविवारी खेळतील. पुढच्या आठवड्यासाठी 1 हा क्रमांक जागेवर ठेवून बाकीचे पाचही क्रमांक एकाच दिशेने गोलाकार एकेक घर पुढे फिरवावेत. पाच रविवारांत सर्वांचे सर्वांशी सामने होतात, आणि पुढचे पाच रविवार तेच सामने प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर घ्यावेत. दिवाळी झाली, की सुरुवात करावी. तोवर पाऊस सरलेला असतो, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी बहुतेक उरकलेली असते, आणि दहा रविवार धरले, तरी बारावीच्या परीक्षेआधी साखळी संपते. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, आणि गुण समान झाल्यास गोलफरक पाहावा. हे सारे पहिल्या सामन्याआधी छापून सर्व संघांना द्यावे, कारण मागाहून केलेला नियम कितीही योग्य असला, तरी तो कोणाच्या तरी बाजूचा वाटतो.

मैदानासाठी अडून बसू नये. फेरोमध्ये 1990 साली आंतरराष्ट्रीय सामन्यायोग्य गवताचे एकही मैदान नव्हते, म्हणून त्यांना युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीतील आपला पहिला ‘घरचा’ सामना स्वीडनमधील लान्सक्रोना येथे खेळावा लागला. 12 सप्टेंबर 1990 रोजी त्या हौशी खेळाडूंनी ऑस्ट्रियाला 1-0 असे हरवले. तो गोल करणारा टोर्किल निल्सन पोटापाण्यासाठी लाकूडविक्रीचे काम करत असे. आपल्याकडील मुरमाड मैदानही चालते, मात्र सामन्याच्या आदल्या संध्याकाळी खडे वेचून पाणी मारावे आणि सकाळी दोरी ताणून फक्की मारावी. दोरी न ताणता नुसत्या अंदाजाने आखलेल्या पेनल्टी क्षेत्रावरून होणारे वाद मी फार पाहिले आहेत. गोलखांब घट्ट पुरलेले आहेत, याची खात्री संयोजकाने स्वतः हलवून करावी.

खर्चात पहिला मान पंचांचे मानधन, चेंडू आणि प्रथमोपचार यांना द्यावा. बक्षिसाची रक्कम लहान ठेवावी, कारण मोठ्या रकमेमुळे बाहेरगावचे खेळाडू आणण्याची चढाओढ लागते आणि गावची मुले बाकावर बसतात. म्हणून प्रत्येक संघाने वीस-बावीस खेळाडूंची यादी ओळखपत्राच्या प्रतीसह आधी द्यावी. जमल्यास क्लबांनी दुसरा संघही तयार करावा. फेरोतील क्लबांचे दुसरे संघ खालच्या श्रेणीत खेळतात आणि त्यातून तरुण खेळाडूंना मोठ्या गड्यांबरोबर खेळण्याची सवय होते. अशाच घडणीतून सुमारे पाच हजार वस्तीच्या क्लाक्सविक गावचा क्लब 2023 मध्ये युरोपीय क्लब स्पर्धेच्या गटसाखळीपर्यंत पोहोचला. त्याआधी फेरोतील कोणत्याही क्लबाला ते साधले नव्हते.

साखळी दोन वर्षे सुरळीत चालली, की जिल्हा संघटनेशी संलग्नतेचा विषय काढावा. जिल्हा संघटना राज्यातील वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी जोडलेल्या असतात. त्या वेळी सर्वांत उपयोगी पडतील ती सामनापत्रके. प्रत्येक पत्रकावर खेळलेल्यांची नावे, गोल करणारे आणि गोलाचे मिनिट, कार्डे, तसेच पंच व दोन्ही कर्णधारांच्या सह्या असाव्यात. एक प्रत संयोजकांकडे ठेवावी आणि दुसरी हंगामाअखेर बांधून घेऊन गावच्या वाचनालयात द्यावी.