आखातात घरकामाला जाताना आधी व्हिसा तपासा

मुंबईत एजंट म्हणाला, ‘व्हिजिटवर जा, तिथे पोचल्यावर वर्क व्हिसा करून देतो,’ तर पुढे जाऊ नका. दहावी पास नसल्यास पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. तो असेल तर सौदी, कुवेत, ओमान अशा देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार सरकारची मंजुरी लागते, आणि घरकामासाठी बाईचं वय किमान ३० हवं. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या बाईची नोंदच होत नाही. पुढे पगार अडला किंवा मालकाने पासपोर्ट काढून घेतला, की दाखवायला करारही नसतो.

ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बायकांची भरती खासगी एजंटाकडून होत नाही, ती सरकारी भरती संस्थांमार्फतच होते. त्यामुळे ‘आमचं लायसन्स आहे’ एवढ्यावर विसंबू नका. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर संस्थेचं नाव स्वतः शोधा. इतर कामांसाठीही परवानाधारक एजंटाला ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावतीसह.

प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी घ्याच: २ वर्षांना २७५ रुपये, ३ वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण मिळतं. करार, व्हिसा, पॉलिसी यांच्या झेरॉक्स घरी ठेवून जा.