डाव्या बाजूचा भात

मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी (रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार) शिकत असताना मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, चार खंड (लोब) मी तक्त्यासारखे पाठ केले होते. फ्रंटल लोब नियोजन करतो व हालचाल घडवतो, पॅरायटल लोब स्पर्श आणि जागेचे भान सांभाळतो, टेम्पोरल लोबकडे ऐकणे व स्मृती, ऑक्सिपिटल लोबकडे दृष्टी. लेखी परीक्षेला एवढे पुरले. वॉर्डात मात्र ते पहिल्याच आठवड्यात अपुरे पडले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी तो प्रसंग सविस्तर सांगते.

उजव्या पॅरायटल लोबला इजा झालेले अर्धांगवायूचे एक वयस्क रुग्ण होते. मी त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहून "काका, हात वर करा" असे म्हणत असे आणि ते माझ्याकडे वळूनही पाहत नसत. मी 'सहकार्य करत नाहीत' अशी नोंद केली. दुपारी जेवण आले. काकांनी ताटातला उजवीकडचा भात अगदी मधल्या रेषेपर्यंत संपवला आणि भूक भागली नाही अशी तक्रार केली. डावीकडचा भात आणि डाळीची वाटी जशीच्या तशी होती. आमच्या मॅडमनी काही न बोलता ताट अर्धे फिरवले आणि काका पुन्हा जेवू लागले. माझी नोंद मी त्याच दिवशी खोडली.

याला लेफ्ट नेग्लेक्ट म्हणतात. डोळे शाबूत असतात, पण डाव्या बाजूकडे लक्ष जात नाही, आणि आपले काही राहून जाते आहे याची जाणीवही बहुधा रुग्णाला नसते. घड्याळ काढायला सांगितले तर असे रुग्ण बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात. आमचे काका वर्तमानपत्रातील 'महानगरपालिका' हा शब्द 'पालिका' असा वाचत. ऑक्सिपिटल लोबच्या इजेत गोष्ट वेगळी असते: तेथे दोन्ही डोळ्यांचे एकाच बाजूचे दृष्टिक्षेत्र जाते, परंतु बऱ्याच रुग्णांना ते कळते आणि ते मान वळवून उणीव भरून काढायला शिकतात. हा फरक नीट ओळखा, कारण उपचार त्यावरच ठरतात.

भाषेच्या बाबतीत मुंबईत विशेष काळजी घ्यावी लागते. १८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 'तान' एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या फ्रंटल लोबची इजा दाखवली. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी टेम्पोरल लोबच्या इजेने समज जाते, पण बोलणे ओघवते राहते, असा प्रकार मांडला. मराठी रुग्णात पहिला प्रकार प्रत्यय गळण्यातून जाणवतो: "मुलगा... डबा... काल." मात्र घरी मराठी, कामावर हिंदी आणि धंद्यात गुजराती बोलणाऱ्या माणसाची तपासणी एकाच भाषेत करून निष्कर्ष काढू नये. तो कोणती भाषा कोठे बोलत असे, हे आधी नातेवाइकांना विचारावे.

फ्रंटल लोबविषयी शिकताना १८४८ मध्ये अपघात झालेल्या फिनियस गेज या अमेरिकी रेल्वे-कामगाराची कथा हमखास सांगितली जाते. लोखंडी पहार कवटीतून आरपार जाऊनही तो जगला, पण स्वभाव बदलला, इथपर्यंत ती ठीक आहे. पुढे त्याने चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी हाकली, हे सहसा सांगितले जात नाही, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते, कारण अशा इजेनंतरही माणूस कामाला लागू शकतो. वॉर्डात नातेवाईक "हे आळशी झालेत" असे म्हणतात, तेव्हा कृती सुरू करण्याची क्षमताच दुखावलेली असू शकते, हे त्यांना शांतपणे समजावून सांगणे आपले काम आहे.

काकांच्या वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला आम्ही लाल पट्टी चिकटवली आणि पट्टी दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची, मगच ओळ वाचायची, असा सराव रोज घेतला. तिसऱ्या आठवड्यात काकांनी पट्टीवर बोट ठेवून, अडखळत, 'महानगरपालिका' हा शब्द पूर्ण वाचला. जेवताना मात्र ताट अजूनही फिरवावे लागत होते.