लाइफ जॅकेट अंगावर घालूनच घ्या
नवेगावबांध, इटियाडोहसारख्या तलावाच्या पाण्यात डोंगा किंवा कयाक (वल्ह्यानं चालवायची अरुंद, हलकी होडी) काढणार असाल, तर लाइफ जॅकेट ऑनलाइन मागवू नका. जिल्ह्याच्या गावी दुकानात जा. सगळी बक्कलं लावा, पट्टे खालून वर आवळत या, हात वर करा आणि सोबतच्याला खांद्याचे पट्टे जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत आलं, तर ते मोठं आहे. पाण्यात तेच वर सरकून तोंडावर येतं. फोम बोटानं दाबा. खड्डा तसाच राहिला तर परत ठेवा. लेकरांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, आणि ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून वाढीव माप तर अजिबात नको. दोन तुकड्यांचं वल्हं मात्र खुशाल ऑनलाइन घ्या. पार्सल येताच जोड बसवून हलवून पाहा, खिळखिळा असेल तर मुदतीत परत करा.