चार्ल्स एलियटवर सेमिनार कसा द्यायचा, बीएडवाल्यांसाठी

सेमिनारसाठी शिक्षणतज्ज्ञांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढताना एलियटचं, म्हणजे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या जुन्या प्रेसिडेंटचं नाव आलं की आपली पोरं "जन्म १८३४, बोस्टन" इथनं सुरू करतात अन मागची बेंच मोबाईल काढते. मीपण तेच केलेलं, वीसपैकी आठ पडले, म्हणून सांगतोय.

सुरुवात १८६५ पासनं करा. माणूस एकतीस वर्षांचा, हार्वर्डमध्ये केमिस्ट्री शिकवायचा पण प्रोफेसरची जागा दुसऱ्यालाच गेली, वडिलांचा पैसा १८५७ च्या मंदीत बुडालेला, बायकापोरं घेऊन युरोपातली शाळा-कॉलेजं बघत फिरतोय, आणि अशात अमेरिकेतल्या लॉवेल गावच्या मेरिमॅक कापड गिरणीतनं बोलावणं येतं की सुपरिंटेंडंट व्हा, वर्षाला ५००० डॉलर, वर घर फुकट. अन हा नको म्हणतो! इथं जरा थांबा. सोलापुरात गिरणीची नोकरी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, जुनी मिल म्हणा नाहीतर लक्ष्मी-विष्णू, घरटी कोणीतरी होतंच, माझे आजोबा साचेखात्यात होते. "नको म्हणाला" एवढ्यावर वर्ग मान वर करतो.

मग पटकन पुढं चला: नवीनच निघालेल्या एमआयटीत शिकवलं, १८६९ ला शिक्षणावर लेख लिहिले ते गाजले, त्याच वर्षी पस्तिसाव्या वर्षी हार्वर्डचा प्रेसिडेंट, आणि १९०९ पर्यंत खुर्ची सोडली नाही. चाळीस वर्षं! आपली जुनी मिल १८७७ ला निघाली तेव्हा हा तिथं आठ वर्षं जुना झालेला, हे एक वाक्य टाकाच, साल डोक्यात बसतं.

चाळीस वर्षं सगळी सांगत बसू नका, दोनच गोष्टी घ्या. एक मेडिकल. तेव्हा तिथं नऊ विषयांची तोंडी परीक्षा असायची आणि पाचात पास झालं की डॉक्टर, उरलेल्या चार विषयांत शून्य असलं तरी चालायचं, आपली एटीकेटी बरी म्हणायची. एलियट म्हणाला लेखी परीक्षा घ्या, तर बिगेलो नावाचा मोठा सर्जन म्हणतो, अहो अर्ध्यावर पोरांना धड लिहिताच येत नाही. वर्ग हसतो, हसू द्या.

दुसरी इलेक्टिव्हची. आधी सगळ्यांना तेच लॅटिन, तेच ग्रीक, याने पोरांनाच विषय निवडायला दिले, शेवटी तर पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन सोडलं तर फारसं काही कंपल्सरी उरलं नाही. आपल्याकडं आत्ता नवीन शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह भरताना जो गोंधळ होतो तो आठवून द्या. पण हेही सांगा की पोरं सोपे सोपे विषय उचलायला लागली आणि त्याच्यानंतर आलेल्या लॉवेलनं (गाव नव्हे, आडनाव) लगाम आवळला.

फक्त गुणगान केलं तर मॅडम अडवणारच, त्यामुळं दुसरी बाजू स्वतःच काढा. मुलींना मुलांबरोबर हार्वर्डच्या वर्गात घ्यायला तो तयार नव्हता. आणि कामगार युनियनचा कट्टर विरोधक, संप मोडून कामावर जाणाऱ्याला त्यानं चक्क आजच्या काळातला हिरो म्हटलं. हे सोलापुरात बोलताना जरा जपून.

दुसऱ्यांदा सेमिनारला उभा राहायच्या आधी मी सगळं घरी आजोबांना वाचून दाखवलं. संपाचं ऐकून म्हणाले, "बरं झालं बाबा, गिरणीत गेला नाही ते."