हिब्रू मजकुरात समीकरणांचे क्रमांक: या चुका टाळा

हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, पण इस्रायलच्या पाठ्यपुस्तकांतलं गणित डावीकडून उजवीकडेच जातं, तेही लॅटिन अक्षरांत. म्हणजे एकाच ओळीत दोन दिशा, आणि समीकरणाचा क्रमांक नेमका त्यांच्या सीमेवर. लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवणाऱ्या संगणक-प्रणालीत, बहुतेक गडबड तिथेच होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिसतं तसं हाताने दुरुस्त करणं. छापून आलं ‘)३(’, म्हणून फाइलमध्ये कंस उलटे टाइप केले आणि पान छान दिसलं, असं मी एका सरावपत्रिकेत केलं होतं. पुढे तीच फाइल लुआलेटेक या नव्या इंजिनावर नेली आणि प्रत्येक कंस पुन्हा उलटा झाला. जुन्या टेक-इंजिनांना (लेटेकची फाइल चालवून पान बनवणाऱ्या प्रोग्रामांना) कंस आरशासारखे फिरवणं आपसूक येत नाही. लुआलेटेकमध्ये बेबेल या भाषा सांभाळणाऱ्या पॅकेजला (जोड-संचाला) ‘बिडाय=बेसिक’ हा पर्याय दिला, की ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या मानकाच्या, नियमांनी होतं. म्हणून फाइलमध्ये नेहमी वाचण्याच्या क्रमाने लिहा, डोळ्याला दिसतं त्या क्रमाने नाही. दिशा सांभाळणं इंजिनचं काम आहे.

ऋण संख्येचंही तसंच. हिब्रू वाक्यात साधं ‘-३’ टाइप केलं तर पानावर ‘३-’ उमटतं, कारण एकट्या उणे चिन्हाला स्वतःची दिशा नसते, ते भोवतालच्या मजकुराची घेतं. संख्या एकच असली तरी ती डॉलर चिन्हांत, म्हणजे गणित म्हणूनच लिहा.

‘समीकरणे ३ ते ५’ रेघेने दाखवताना आणखी बारीक फसगत होते. दोन आकड्यांमध्ये कीबोर्डवरची आखूड रेघ असेल, तर युनिकोड ती आकड्यांचाच भाग धरतं आणि ३ डावीकडे राहतो. लांब रेघ (एन-डॅश) घातली की ३ उजवीकडे जातो. एकाच लेखात दोन्ही रेघा आल्या तर वाचकाने काय समजायचं? कंसासकट (३) आणि (५) लिहिले, तर दोन्ही रेघांनी क्रम हिब्रूच्या दिशेनेच लागतो. एएमएसमॅथ या गणिताच्या पॅकेजची ‘ईक्यूरेफ’ आज्ञा कंस स्वतःच घालते, तीच वापरा. आणि हो, चाचणीसाठी देवनागरी आकडे घेऊ नका. युनिकोड त्यांना अक्षरांसारखे पक्के डावीकडून उजवीकडे जाणारे मानतं, त्यामुळे लांब रेघेचा निकाल वेगळा दिसेल.

आता लेबल, म्हणजे संदर्भ देता यावा म्हणून समीकरणाला दिलेलं नाव. ‘लेबल’ आज्ञा समीकरण संपवणाऱ्या ‘एंड’नंतर लिहिली तर कुठलीही त्रुटी दिसत नाही, पण संदर्भात समीकरणाचा नव्हे, चालू विभागाचा क्रमांक येतो. समीकरण सातवं, विभाग दुसरा, आणि छापलं जातं ‘समीकरण (२) वरून’. शांतपणे चुकीचं छापलं जाणारं हे मला संदर्भ न सापडल्यावर उमटणाऱ्या प्रश्नचिन्हांपेक्षा जास्त घातक वाटतं. लेबल समीकरणाच्या आतच हवं. ‘अलाइन’मध्ये, म्हणजे अनेक ओळींच्या समीकरणांत, प्रत्येक ओळीला वेगळा क्रमांक मिळतो, म्हणून लेबल ज्या ओळीचं त्याच ओळीत, आणि क्रमांक नको त्या ओळीला ‘नोटॅग’.

क्रमांक डावीकडे हवा की उजवीकडे, हे पूर्ण दस्तऐवजासाठी एकदाच पर्यायातून ठरवा आणि एक पान छापून बघा. रिकाम्या जागा भरून क्रमांक ढकलू नका, समीकरणाची लांबी बदलली की सगळं हलतं.

झीलेटेक या दुसऱ्या इंजिनावर काम करत असाल तर पॅकेजांचा क्रम जपा. ‘बिडाय’ पॅकेजनंतर एएमएसमॅथ घेतलं तर ‘बिडाय’ काम सरळ थांबवतं आणि आधी एएमएसमॅथ घ्या असं सांगतं. भाषा ठरवणारं पॉलिग्लॉसिया पॅकेज हिब्रूसाठी ‘बिडाय’ स्वतःच आणतं, त्यामुळे आपण ते लिहिलेलंच नाही असं वाटून माणूस तासभर शोधत बसतो. गणिताची पॅकेजेस भाषा ठरवण्याच्या ओळीच्या वर ठेवा.

संदर्भाच्या जागी ‘??’ दिसलं तर आधी फाइल दोनदा चालवा. तरीही राहिलं, तर लेबलचं नाव दोन्हीकडे अक्षर न अक्षर जुळवून पाहा. नावं साध्या लॅटिन अक्षरांत ठेवली तर ही तपासणी सोपी जाते, कारण हिब्रू नाव असेल तर संपादकातच त्या ओळीची दिशा फिरते आणि महिरपी कंस कुठे उघडला, कुठे मिटला हे नीट दिसत नाही.