काम बाहेर देताय? जॉबवर्कच्या या चुका टाळा

"बाहेर आठ रुपयांनी स्वस्त पडतंय, देऊन टाकू." भोसरी असो, वाळूज असो की शिरोली, छोट्या शेडमधला जॉबवर्कचा, म्हणजे काम बाहेरून करून घेण्याचा, निर्णय बऱ्याचदा या एका वाक्यावर होतो. वाक्य खोटं नसतं, फक्त हिशेब अर्धाच झालेला असतो.

समजा, एक ब्रॅकेट तुमच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं कटिंग मशिन) 42 रुपयांना पडतो. ऑपरेटरची मजुरी 12, वीज 5, इन्सर्ट (कापायचं पातं) आणि कूलंट 4, मशिनचा हप्ता 14, शेडचं भाडं 7. बाहेरचा 34 ला करून देतो म्हणतो. पण काम बाहेर गेलं म्हणून बँक हप्ता सोडत नाही आणि शेडमालक भाडं सोडत नाही. खरोखर थांबणारा खर्च 21 रुपये. म्हणजे आठ वाचायचे राहिले बाजूला, नगामागे 13 जादाच गेले. ऑपरेटर जुना असेल आणि त्याला तुम्ही काढणार नसाल, तर वाचतात फक्त 9. टेम्पो, पॅकिंग आणि रिजेक्शन (नापास माल) अजून धरलेलंच नाही.

हाच हिशेब उलटाही फिरतो. मशिन मोकळं झाल्यावर त्यावर चढवायला दुसरी ऑर्डर हातात असेल आणि तिच्यात तासाला जास्त सुटत असेल, तर ब्रॅकेट खुशाल बाहेर द्या. म्हणून भाव मागवण्याआधी एवढंच ठरवा, की सोमवारी त्या मशिनवर काय लागणार आहे? उत्तर "बघू" असेल तर काम घरातच ठेवा.

उलट चूकही दिसते: सगळं स्वतःच्या छपराखाली आणायची हौस. प्लेटिंगवाला (धातूचा थर चढवून देणारा) माल वेळेवर देत नाही म्हणून चिडून स्वतःचा प्लांट टाकायला निघालेले लोक असतात. पण त्यात ॲसिड आलं, सांडपाण्यावर प्रक्रिया आली, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आली. महिन्याला चार क्रेट मालासाठी हे कोणी करू नये. हीट ट्रीटमेंटचंही तसंच: भट्टी अर्धी भरली तरी तापवायचा खर्च जवळपास पूर्णच. अशी कामं बाहेरच शोभतात, भले दर थोडा चढा लागो.

माल परत आला आणि आटे बसत नाहीत

वादाची ही सगळ्यात ठरलेली जागा. एम-8 चे, म्हणजे 8 मिमीचे, स्टड (आटे पाडलेले दांडे) झिंक प्लेटिंगला जातात. जाताना रिंग गेज (आटे तपासायची कडी) व्यवस्थित फिरत होता, आल्यावर तो दोन आट्यांत अडकतो. प्लेटर म्हणतो, तुमचेच आटे जाड आहेत. तुम्ही म्हणता, त्यानं लेअर जास्त चढवला. पुष्कळदा दोघांचंही काम बरोबर असतं.

60 अंशाच्या आट्यावर चढलेला थर पिच डायमीटरमध्ये (आट्याच्या मधल्या उंचीवरच्या व्यासात) चौपट होऊन दिसतो. 8 मायक्रॉनचा थर म्हणजे 32 मायक्रॉनची वाढ. आणि एम-8 च्या नेहमीच्या 6जी आट्याला (6जी म्हणजे मूळ मापापेक्षा थोडा खाली ठेवायचा आटा) मिळणारी मोकळीक 28 मायक्रॉन. म्हणजे आटे वरच्या मर्यादेला कापले असतील, तर प्लेटिंगनंतर ते अडकणारच. इलाज अवघड नाही. प्लेटिंगच्या आधी 6जी गेज लावा, नंतर तपासताना 6एच चा, म्हणजे मोकळीक न सोडलेल्या मूळ मापाचा, गो गेज (जो आट्यावर फिरलाच पाहिजे) लावा. तोच 6जी गेज पुन्हा लावला तर चांगला मालही नापास होतो. ग्राहकाला प्लेटिंगनंतरही 6जी हवं असेल, तर आटे मुळातच त्या हिशेबानं खाली ठेवून कापावे लागतात. माप प्लेटिंगआधीचं की नंतरचं, हे ड्रॉइंगवर लिहिलंच पाहिजे. ही एक ओळ नसल्यामुळे सगळा लॉट रिवर्कला जातो.

ओतकामाचा माल असेल तर भांडण तिघांचं होतं. प्लेटिंगवर बारीक खड्डे दिसले की प्लेटर फाउंड्रीकडे बोट दाखवतो आणि फाउंड्री बफिंगवाल्याकडे (पॉलिश करणाऱ्याकडे). म्हणून प्रत्येक टप्प्याला माल देण्याआधी आपण तपासायचा, आणि कितपत डाग चालेल याचा एकेक नमुना दोघांच्या सहीचा टॅग लावून दोन्हीकडे ठेवायचा. शेवटची तपासणी मात्र कधीच बाहेर देऊ नका. जॉबवर्करकडून थेट ग्राहकाकडे माल पाठवला की टेम्पोचे पैसे वाचतात खरे, पण रिजेक्शन आपल्याला ग्राहकाकडून कळतं.

आणि ग्राहकाला जॉबवर्करही कळतो. ड्रॉइंग देताना ग्राहकाचं नाव असलेला कोपरा झाकूनच कॉपी काढा. यात कुणावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, धंद्याची रीतच आहे.

चलन, नग, वजन

"माल पाठवतो, चलन (मालासोबत जाणारा कागद) नंतर देतो" असं सांगून गेला की तिथेच गोंधळाला सुरुवात होते. चलनावर नगही लिहा आणि वजनही. जीएसटीत जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे किंवा तिथूनच विकला गेला पाहिजे. मशिनरीसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. मुदत टळली तर माल पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर व्याजासह भरावा लागतो. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत नाही, आणि म्हणूनच त्या वर्षानुवर्षं समोरच्याच्या रॅकवर पडून राहतात. त्यावर आपलं नाव पंच करून पाठवा. आयटीसी-04 हा जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म उलाढाल 5 कोटींपर्यंत असेल तर वर्षातून एकदा, त्यावर असेल तर सहामाही भरायचा. भंगार कोणाचं, हे दर ठरतानाच बोलून घ्या. पितळेच्या कामात दराएवढंच महत्त्व बुऱ्याला (कापताना पडणाऱ्या चुऱ्याला) असतं.

पैशांचं: जॉबवर्कर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. शिवाय आकारणी वर्ष 2024-25 पासून मुदतीत न दिलेली रक्कम आयकरात खर्च म्हणून प्रत्यक्ष देईपर्यंत धरता येत नाही. "आमच्या पार्टीनं नव्वद दिवसांनी दिले" हे कारण तिथे चालत नाही. ग्राहकाचे नव्वद दिवस आणि जॉबवर्करचे पंचेचाळीस यांच्या मधले पैसे तुमचे अडकतात. दरात ते धरा.

ऑफिसचं काम

हिशेब आणि रिटर्न बाहेर देणं छोट्या उद्योगाला बहुधा परवडतंच. अडचण वेगळीच येते: जीएसटी नोंदणीत मोबाइल आणि ईमेल सल्लागाराचा टाकलेला असतो. संबंध बिघडले की ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि लेट फी मात्र तुमच्या नावावर लागते. आजच लॉगिन करून बघा. तुमचा नंबर नसेल तर बदलून घ्या. लॉगिनच हातात नसेल तर आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज करून तो बदलून मिळतो. वेबसाइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे, तेही याच वेळी तपासा. लोगो किंवा कॅटलॉग बाहेरून करून घेतला असेल तर हक्क लेखी लिहून घ्या, कारण बिल भरलं म्हणून कॉपीराइट आपोआप तुमचा होईलच असं नाही, आणि हक्क किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर कायदा ती मुदत पाच वर्षंच धरतो.